कामिनीला काय मिळालं?

‘सी.आय.डी.’ म्हटलं की मुलांना टीव्हीवरची मालिका आठवते. पण घरातल्या आई-मावशीला विचारून बघा, त्या थेट १९५६ सालात पोहोचतील. गुरुदत्तची निर्मिती, राज खोसलांचं दिग्दर्शन, इन्स्पेक्टर झालेला देखणा देव आनंद आणि ओ. पी. नय्यरची एकाहून एक गाणी! एका संपादकाचा खून होतो आणि तपास करता करता इन्स्पेक्टरसाहेब प्रेमातही पडतात. नायिका शकीला, बड्या पोलिस अधिकाऱ्याची सालस मुलगी. आणि खलनायकाच्या गोटातली कामिनी म्हणजे वहिदा रेहमान. तिचा हा पहिलाच हिंदी सिनेमा.

आता गंमत बघा. या सिनेमात सगळ्यात धाडसाचं काम कोण करतं? ही ‘वाईट’ कामिनीच! ‘कहीं पे निगाहें’ हे शमशाद बेगमच्या आवाजातलं गाणं आपण इतकी वर्षं मादक गाणं म्हणून ऐकत आलो. पण ते नीट बघितलंय का? नायकाला मागच्या मागे निसटता यावं, म्हणून ती खलनायकाची नजर स्वतःवर खिळवून ठेवतेय. उघडकीला आलं तर जिवाशी गाठ! आणि एवढं करून नायक मिळतो तो सालस मुलीलाच.

पडद्यामागची गोष्ट तर आणखी ऐकण्यासारखी. वहिदा तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांची. वडील हयात नव्हते, सोबत आई. नाव फार लांब आहे, बदलून टाक, असं तिला सांगण्यात आलं. मधुबाला, मीनाकुमारी, नर्गिस यांनीही पडद्यासाठी नावं बदलली होतीच की! हिने मात्र साफ नकार दिला. वर करारात अट घातली, न आवडलेले कपडे घालणार नाही. पडद्यावर बदनाम बाई रंगवणारी ही नवखी पोर स्वतःच्या अटींवर उभी होती. पुढे २०२३ मध्ये तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तोही आईवडिलांनी ठेवलेल्या नावानेच.

आपण मात्र अजूनही बायकांना दोन खणांत टाकून मोकळे होतो, चांगली आणि तसली. शेजारची मुलगी रात्रपाळी करून पहाटे घरी आली, की तिचे कपडे आपल्याला दिसतात, कष्ट दिसत नाहीत. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, हे खण पुरुषांपेक्षा आपणच जास्त पक्के केलेत.

पुढच्या वेळी ते गाणं लागलं, की नुसता ठेका धरू नका. कामिनीने काय पणाला लावलं होतं, तेही जरा बघा.