काळी गाडी आणि पिवळं फडकं

आधीच सांगून टाकतो, हा लेख वाचून सोसायटीतले चार-पाच जण माझ्याशी बोलणं बंद करतील. करोत बापडे. गेले दोन महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज शनिवार आहे, चहा झालाय, लिहूनच टाकतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गडद रंगाची गाडी रोज सकाळी फडक्यानं पुसून घेणं हा ती खराब करण्याचा सगळ्यात खात्रीशीर उपाय आहे. आणि त्याचं खापर गाडी पुसणाऱ्यावर फोडणं हा शुद्ध निर्लज्जपणा आहे. हे दोन्ही उद्योग मी स्वतः केलेत, म्हणून एवढ्या अधिकारानं बोलतोय.

तर झालं असं. २०२२ च्या दसऱ्याला मी गाडी घेतली. काळी. घरात सगळे सांगत होते, पांढरी घे, धूळ दिसत नाही, ऊन कमी लागतं. पण शोरूममध्ये त्या काळ्या बॉनेटमध्ये मला माझाच चेहरा दिसला आणि विषय संपला. हप्ते अजून चालू आहेत. दोन महिन्यांपूर्वी रात्री पेट्रोल पंपावर उभा होतो. वर एलईडीचा झगझगीत दिवा. बॉनेटकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळाच आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे हजारो बारीक ओरखडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला खाली उतरलो आणि गाडी पुसणाऱ्या मामांना फैलावर घेतलं. "मामा, काय करून ठेवलंय हे? घासणीनं पुसता का गाडी?" माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. हातातलं पिवळं फडकं पिळत शांतपणे म्हणाले, "साहेब, कमिटीनं आठ बादल्या पाणी ठरवून दिलंय. चोवीस गाड्या हायेत. एका बादलीत तीन गाड्या. फडकं धुवू कशात?"

मी गप्प. लिफ्टनं वर आलो.

ऑफिसमध्ये प्रॉडक्शनला काही फुटलं की आपण रूट कॉज शोधतो. शेवटचं बटण ज्यानं दाबलं त्याला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही, हे ज्युनिअरला आपणच शिकवतो. इथे मात्र लॉग न बघता मी थेट शेवटच्या माणसाच्या अंगावर धावून गेलो होतो. मग बसलो आणि रीतसर अभ्यास केला.

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो काही थरांचा मामला असतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. चमक येते ती याच्याच गुळगुळीतपणामुळे. आता आपल्याकडची धूळ बघा. मी राहतो वाकडला, आजूबाजूला टॉवर उभे राहतायत, बांधकामाला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातली खनिजं कठीणपणाच्या मोज मापावर सहाच्या आसपास येतात, नदीच्या वाळूतला क्वार्ट्झ तर सातला. क्लिअर कोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक. त्यावर दगडाची पूड पसरायची आणि वरून फडकं दाबून फिरवायचं, याला मराठीत पुसणं नाही म्हणत. याला पॉलिशपेपर मारणं म्हणतात.

ओरखडे पांढऱ्या गाडीवरही तेवढेच पडतात बरं का. फक्त पांढरा रंग स्वतःच सगळीकडे प्रकाश फेकत असतो, त्यात ओरखड्याची चकाकी हरवून जाते. काळा रंग प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे मागे जे चमकतं ते फक्त ओरखडे. आणि ते गोल दिसतात म्हणून "मामा गोल गोल फडकं फिरवतात" हा आरोपही पूर्ण खरा नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले दिव्याच्या प्रकाशाला आडवे पडलेले तेवढे डोळ्यांत चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळं दिसतं. दिवा हलवा, जाळंही हलेल.

"मग त्यात काय, पॉलिश मारून घे," असा सल्ला मला किमान सहा जणांनी दिला. मंडळी, पॉलिश म्हणजे काय? बारीक अपघर्षक. ओरखडा जात नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. दर वेळी थर थोडा कमी होतो, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवायचं कामही त्याच थराचं. बाबा सांगतात की आजोबांच्या पद्मिनीला पॉलिश करताना फडक्यावर रंग उतरायचा. काहीतरी झिजतंय हे डोळ्यांना दिसायचं. आज झिजतो तो पारदर्शक थर, म्हणून आपल्याला वाटतं काहीच जात नाही. रोज पुसायचं, वर्षाला पॉलिश मारायचं, पुन्हा रोज पुसायचं... हा बँकेत शिल्लक ४० असताना दरवर्षी पैसे काढत राहण्याचा प्रकार आहे. भरणा कधीच नाही.

वॅक्सची गोष्ट वेगळी. वॅक्स काही घासत नाही, वर एक पातळ थर बसवतो. पाणी थेंबाथेंबानं घरंगळतं, चमक खुलते, बारीक ओरखडे थोडे झाकले जातात. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं, काळ्या रंगावर ते झकास दिसतं, पण काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत उडून जातं. भांडी घासायच्या लिक्विडनं गाडी धुतलीत तर त्याआधीच, कारण तेलकटपणा काढणं हेच त्या लिक्विडचं काम. आणि पाच आकडी पैसे मोजून सिरॅमिक कोटिंग केलं म्हणून कोरड्या फडक्यापासून सुटका होत नाही. वाळू सिरॅमिकलाही ओळख दाखवत नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. दर दुसऱ्या शनिवारी, ऊन चढायच्या आत, सावलीत. पंधरा लिटरच्या चार बादल्या. पहिली बादली मगानं वरून ओतायची, हात न लावता, नुसती धूळ खाली उतरवायला. दुसरीत कार शाम्पू, तिसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, टपापासून खाली यायचं, सरळ रेषेत, जोर न देता. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात खळखळून मगच परत शाम्पूत. तिसऱ्या बादलीच्या तळाशी बसणारी काळी वाळू एकदा बघाच. एरवी ती तुमच्या बॉनेटवर फिरत असते. चौथी बादली शेवटी ओतायला. मग लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलनं टिपून घ्यायचं, कारण टँकरचं पाणी जड. तापलेल्या काळ्या पत्र्यावर ते वाळलं की क्षारांचे पांढरे डाग बसतात. पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र थांबायचं नाही, ओला बोळा ठेवून मऊ करायची आणि उचलायची, घासायची नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा वॅक्सचा हात. झालं.

एकूण साठ लिटर. पाइप लावून धुतली आणि मिनिटाला दहा लिटर धरले तर पंधरा मिनिटांत दीडशे लिटर जातात. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठेवला होता. तेव्हा आपण सगळ्यांनी तो मेसेज हसत फॉरवर्ड केला. आपल्या गेटवर टँकरची रांग असताना.

आता मुख्य मुद्दा. मामा सकाळी पाच ते आठ काम करतात. तीन तास, २४ गाड्या, म्हणजे एकीच्या वाट्याला साडेसात मिनिटं आणि बादलीचा तिसरा हिस्सा. हेच गणित उलटं मांडा. रविवार सुट्टी धरून पंधरवड्यात कामाचे दिवस १२. रोज दोनच गाड्या. प्रत्येकीला दीड तास आणि चार बादल्या. पाणी तेवढंच, तास तेवढेच, पगार तोच. गाड्या मात्र खरोखर स्वच्छ.

हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक्सेल शीट घेऊन मांडलं. (हसा.) गणितावर कुणालाच आक्षेप नव्हता. आक्षेप दोन. एक, "पंधरा दिवसांतून एकदा धुणार आणि पैसे तेवढेच?" अहो, तास तेवढेच आहेत ना? आणि दुसरा, ज्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या: "मधल्या दिवसांत गाडीवर धूळ दिसेल. लोक काय म्हणतील?"

म्हणजे बघा, एवढा खटाटोप गाडीसाठी नव्हताच. सकाळी गेटमधून बाहेर पडताना ती चकचकीत दिसावी यासाठी होता. तेवढ्यासाठी एक साठीचा माणूस पहाटे पाचला गढूळ पाण्यात हात घालून उभा, आणि ओरखडे दिसले की शिव्याही त्यालाच. चोवीसपैकी सहा जण तयार झाले.

मीटिंगनंतर मी मामांची माफी मागितली आणि मोठ्या उत्साहानं त्यांना वाळू, क्लिअर कोट, दोन बादल्यांची भानगड समजावायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, "ठावं हाय की साहेब. पंधरा वर्सं झाली गाड्या पुसतोय. पर एक दिस फडकं नाय मारलं तर लोक पैसं कापत्यात."

म्हणजे ज्याला मी शहाणपण शिकवायला निघालो होतो, त्याला ते आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा डिग्रीवाल्यांना.

तेव्हा काळी, निळी, मरून, कुठलीही गडद गाडी असेल तर उद्या सकाळी खाली जा आणि सांगा, "मामा, उद्यापासून रोज फडकं नको. पंधरा दिवसांनी नीट धुवा, पैसे तेवढेच." धूळ दिसली तर दिसू द्या. धूळ पाण्यानं जाते. ओरखडे जात नाहीत.