निर्यातीची तपासणी आणि घरचे ताट

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १९८१ मध्ये शिंपल्या खाऊन ८५ जणांना विषबाधा झाली आणि त्यांपैकी तिघे दगावले. पुढे १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे (आज हे गाव अवाढव्य बंदरासाठी ओळखले जाते) सात जणांचा मृत्यू झाला आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. या घटनांची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत झाली. अन्नसुरक्षेच्या सार्वजनिक चर्चेत मात्र ती फारशी उतरली नाही.

अशा विषबाधेत दोष शिळ्या मालाचा नसतो. शिंपली पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खाते. त्यांतील काही जाती सॅक्सिटॉक्सिनसारखी विषे निर्माण करतात. ती शिंपलीच्या मांसात साठतात आणि शिंपली स्वतः मात्र जिवंत, टवटवीत राहते. या विषाला चव नाही, वास नाही, आणि शिजवल्याने ते नाहीसे होत नाही. ओठ बधिर होण्यापासून सुरुवात होते. मात्रा जास्त असेल तर श्वसनाचे स्नायू निकामी होतात. त्यावर उतारा उपलब्ध नाही. रुग्ण वाचतो तो वेळेवर मिळालेल्या कृत्रिम श्वासामुळे. ताजी मासळी पारखण्याचे आपले पिढीजात कसब येथे निरुपयोगी ठरते.

राहिला मार्ग प्रयोगशाळेचा. मांसाचा अर्क उंदराला टोचून तो किती वेळात मरतो हे पाहणे, ही जुनी पद्धत. आता रासायनिक पृथक्करणाने विषाचे प्रमाण थेट मोजता येते. आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ०.८ मिलिग्रॅम सॅक्सिटॉक्सिनची आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्यप्रौद्योगिकी संस्थेसारख्या संस्थांमुळे आपल्याकडे तज्ज्ञताही आहे. तेव्हा अडचण ज्ञानाची म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती नमुना कोठे घेतला जातो याची. परदेशी जाणाऱ्या मालाला आयातदार देशांच्या अटी पाळाव्या लागतात. युरोपात तर शिंपल्यांच्या उत्पादनक्षेत्रांवरच नियमित देखरेख असते आणि विष मर्यादेबाहेर गेले की ते क्षेत्र बंद होते. आपल्या खाडीत ओहोटीला वेचलेली पाटी मात्र दुपारपर्यंत बाजारात संपलेली असते. तिचा अहवाल चार दिवसांनी आला तरी उपयोग काय? हैदराबादच्या ‘इन्कॉइस’कडून उपग्रहाच्या आधारे शैवालबहराची माहिती मिळते. ती मोलाची आहे. पण पाण्याचा रंग न बदलताही शिंपली विषारी होऊ शकते, आणि अरुंद खाड्यांचे बारकावे उपग्रहाला टिपता येत नाहीत.

महाराष्ट्राने हा प्रश्न दक्षिणेचा म्हणून सोडून देऊ नये. तिसऱ्या आणि कालवे हे कोकणचे नित्याचे खाणे आहे, आणि कांदळवन क्षेत्रातील उपजीविका योजनेतून सरकारच कालवेपालनास उत्तेजन देते. त्या योजनेतच ठराविक खाड्यांतील पाणी व मांसाचे नियमित नमुने घेण्याची तरतूद हवी. त्याहून अवघड भाग पुढचा आहे. खाडी पंधरा दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला, तर त्या काळात वेचणाऱ्या बायांच्या बुडालेल्या कमाईची भरपाई कोणी द्यायची, हे आधीच ठरलेले असावे. अन्यथा आदेश कागदावर राहील आणि पाट्या बाजारात येतच राहतील.