दाटीचा अर्थ समृद्धी नव्हे

मा. संपादक,

बोर्निओवरील आपल्या लेखात किनाबातांगान नदीकाठी दिसलेली प्राण्यांची दाटी हा तिथल्या सबाह राज्याचं जंगल समृद्ध असल्याचा पुरावा मानला आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. लांब नाकाची माकडं संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतातच, एवढं मान्य. पण हत्ती आणि ओरांगउटान या अरुंद पट्ट्यात एकवटतात, कारण मागे मैलोन्‌मैल पाम तेलाचे मळे आहेत. २००५ साली घोषित झालेलं इथलं अभयारण्यही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे. सलग जुनं जंगल पाहायचं तर सबाहमधल्याच डानम खोऱ्यात जावं. तिथे प्राणी सहज दिसत नाहीत, आणि निरोगी वर्षावनात असंच असतं.

सबाहमधल्या सेपिलोकमध्ये ‘रानटी ओरांगउटान हमखास दिसतात’ हे विधानही दिशाभूल करणारं आहे. १९६४ पासून चालणारं ते पुनर्वसन केंद्र आहे. अनाथ पिल्लांना तिथे झाडावर चढायला शिकवतात, आणि पर्यटकांना दिसतात ते प्रामुख्याने फळं ठेवलेल्या मचाणावर येणारे प्राणी. ते काम मोलाचंच, पण त्याला वन्यदर्शन म्हणू नये.

‘स्थानिकांना जंगलाची पर्वा नाही’ हे वाक्य तर अन्यायाचं आहे. किनाबातांगानकाठच्या बातू पुतेहच्या गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून पर्यटन चालवलं, उजाड काठावर झाडं लावली. लेखात त्यांचा उल्लेखही नाही. आणि ज्या पाम तेलासाठी हे मळे उभे राहिले, त्याच्या आयातीत भारत जगात अग्रेसर आहे, हेही लेखात हवं होतं.

दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, नाशिक