तारेचं सोवळं

घरी लाऊडस्पीकर करायला घेतला की पहिला प्रश्न लाकडाचा येतो, असा तुमचा समज असेल, तर तुम्ही आमच्या तारानाथांना भेटलेला नाहीत. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्याचं उभं आयुष्य तारेला लोंबकळतंय, त्याला दुसरं काय म्हणायचं? १८ एमएमच्या प्लायचे दोन बॉक्स करून, वूफर-ट्वीटर बसवून मी घामाघूम होऊन बसलो होतो. तारानाथांनी बॉक्समध्ये डोकावून एवढंच विचारलं, "आत तार कुठली घालणार?"

"घरात आहे तीच. लाल-काळी."

श्राद्धाच्या स्वयंपाकात मी ऑम्लेट वाढणार असल्यासारखा त्यांनी चेहरा केला. "अहो, ऑक्सिजन काढलेलं तांबं आणि वर चांदीचा मुलामा! त्याखाली उतरू नका."

मी बँकेत कारकून. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळं स्वतःचे मोजायचा कंटाळा येतो. लॅमिंग्टन रोडला गेलो आणि ८५० रुपये मीटरनं ४ मीटर तार घेऊन आलो. ३५ रुपये मीटरवाली लाल-काळी तिथंच टांगलेली होती. ती माझ्याकडं बघून हसतेय असं उगाच वाटलं. घरी सौभाग्यवतींनी विचारलं, "ही आत जाणार ना? मग दिसणार कुणाला?"

"दिसत नाही, ऐकू येते," मी म्हणालो.

आली की! तीन आठवडे मी आणि तारानाथ डोळे मिटून डोलत होतो. "काय खुला आवाज! भिंतीच नाहीत जणू!" चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, ह्या गाण्यात डग्गा नाही का?"

डग्गा नव्हता. ह्याच गाण्यात नव्हता असं नाही, कुठल्याच गाण्यात नव्हता. बॉक्स उघडले. त्या भारी तारेच्या दोन्ही पदरांवर एकसारखं पारदर्शक आवरण. ना लाल, ना काळं. एका बॉक्समध्ये मी अधिक-उणे उलटं जोडलं होतं. एका वूफरचा कोन पुढं यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागं जायचा. दोघांनी मिळून खालचे स्वर गिळले आणि उरलेला आवाज खोलीभर विखुरला. त्या विखुरण्याला आम्ही दोघं खुलेपणा म्हणत होतो! ३५ रुपयेवालीचे रंग पाहून शाळकरी पोरानंही ही चूक केली नसती.

तेव्हापासून माझं तारानाथांशी भांडण आहे, आणि ते मी कॉमर्सच्या अंगानं भांडतो. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची तार घ्या. बॉक्सच्या आत जाऊन-येऊन एक मीटर. तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.०१७ ओहम. आठ ओहमचा म्हणून विकतात त्या वूफरच्या कॉइलचा साधारण ६ ओहम. आता एक ओहम म्हणजे एक रुपया धरा. कॉइलच्या खात्यावर ६ रुपये आणि तारेच्या खात्यावर पावणेदोन पैसे! क्रॉसओव्हरमधलं एखादं वेटोळं सहज तीस-चाळीस पैसे खातं, त्याबद्दल तारानाथ चकार शब्द काढत नाहीत. बरं, अस्सल चांदी घातली तरी ती तांब्याहून सहाएक टक्क्यांनीच सरस. म्हणजे बचत किती, तर एका पैशाचा दहावा हिस्सा. अहो, सरकारनं २०११ साली २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून काढली. तारानाथांनी अजून काढलेली नाहीत.

"पण उंच स्वर तारेच्या कातडीवरून धावतात, त्याचं काय?" हा त्यांचा हुकमी पत्ता. धावतात ना. पण २०,००० हर्ट्झला तांब्याची ती कातडी जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असते, आणि एक स्क्वेअर एमएमच्या तारेची त्रिज्याच मुळी ०.५६ मिलिमीटर. एवढी जाड कातडी मी फक्त कर्ज बुडवणाऱ्यांची पाहिली आहे. शिवाय २०,००० हर्ट्झ ऐकायला कान कोवळे लागतात. आमच्या दोघांच्या कानांनी चाळिशी ओलांडलीय.

तारेला नियमच नाहीत, असं मी म्हणत नाही. सोल्डरिंग पक्कं करा. तार कोनाला लागून खडखडणार नाही अशी बांधा. ती जिथून बाहेर येते ते भोक बुजवा, हवा निसटता कामा नये. अधिक-उणे दोनदा तपासा. पण ह्यातलं काहीच मीटरवर विकता येत नाही, म्हणून त्याचं कौतुक नाही.

मी हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलानं खाऊचे पैसे साठवून दोन छोटे फुल-रेंज स्पीकर आणले. तारानाथांनी त्याला सांगितलं, "चांगली तार परवडत नसेल, तर करूच नकोस." पोरानं स्पीकर पलंगाखाली सरकवले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. सोवळं असंच असतं. आतल्याचं पुण्य वाढतं की नाही, देव जाणे. बाहेरचा मात्र उंबऱ्यावरच थांबतो. स्वतःच्या हातानं एखादी वस्तू करावी असं आजकाल किती पोरांना वाटतं? ज्याला वाटतं, त्याला पावणेदोन पैशांसाठी परत पाठवायचं?

रविवारी त्याला वर बोलावलं. २ मीटर लाल-काळी आणली, ७० रुपये. जोडून झाल्यावर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला आणि अधिकाला अधिक क्षणभर टेकवलं. कोन बाहेर आला. दुसऱ्या बॉक्सचाही बाहेरच आला.

"काका, हा श्वास घेतोय!" पोरगं ओरडलं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरून गाणं सुरू झालं. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ऐका, ह्याला म्हणतात डग्गा."

माझी उरलेली चांदीची तार त्यांनी गॅलरीतल्या मनीप्लांटला बांधलीय. परवा तारानाथ आले होते. म्हणाले, पानं जरा जास्त खुली वाटतात.