खुनी सापडला, पण न्याय कुठे आहे?

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने मला एक जाड पुस्तक वाचायला दिले. ‘रहस्यकथा आहे, दोन रात्रींत संपेल,’ म्हणाली. खरोखरच दोन रात्रींत संपले. मनातून मात्र अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

कादंबरीचे नाव ‘द हँगमन्स डॉटर’, म्हणजे जल्लादाची मुलगी. ऑलिव्हर प्योट्श या जर्मन लेखकाची ही कादंबरी २००८ साली आली. लेखक स्वतः बव्हेरियातल्या कुइझल या जल्लाद घराण्याचा वंशज आहे. काळ १६५९ सालचा, गाव शोंगाऊ. गावातली मुले मारली जातात आणि खांद्यावर एक खूण सापडते. ही पोरकी मुले सुईणीकडे जात-येत असत, एवढ्यावरून सुईण मार्था चेटकीण ठरते. तिच्याकडून छळ करून कबुली घ्यायची ती जल्लाद याकोब कुइझलने. पण याच सुईणीने त्याच्या मुलांना जन्माला घातलेले असते. ती निर्दोष आहे अशी त्याची खात्री असते, म्हणून तो खरा खुनी शोधायला निघतो.

कथा रंगतदार आहे, यात वाद नाही. जल्लादाच्या घराची अवहेलनाही लेखकाने मनापासून रंगवली आहे. त्या काळी जर्मन नगरांत जल्लादाचा स्पर्श बाट समजला जाई. त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात प्रवेश नसे, मुलींची लग्ने बहुधा दुसऱ्या जल्लादाच्याच घरात होत. आणि तेच प्रतिष्ठित लोक मोडलेले हाड बसवायला, मलम न्यायला त्याच्या दारात येत. घाण काम करून घ्यायचे आणि करणाऱ्यालाच घाण म्हणायचे, ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

माझे भांडण पुढेच आहे. कादंबरीत सुईण वाचते, कारण खरा गुन्हेगार सापडतो. समजा, तो सापडला नसता तर? मुले नुसती तापाने गेली असती तर? मग मार्थाला जाळणे बरोबर ठरले असते का? रहस्यकथा आपल्याला ‘खून कुणी केले?’ एवढाच प्रश्न विचारायला शिकवते. बाईला यातनागृहात कुणी नेले, हा प्रश्न मागे पडतो.

याच शोंगाऊचा इतिहास पाहा. १५८९ ते १५९२ या काळात तिथे ६३ स्त्रियांना चेटकिणी ठरवून ठार केले गेले. तिथे खरा चेटक्या कुणी सापडणारच नव्हता, कारण गुन्हाच घडलेला नव्हता. गुन्हा तयार होत होता तो त्या खोलीत. सम्राटाच्या १५३२ सालच्या फौजदारी कायद्याप्रमाणे शिक्षेसाठी कबुली किंवा दोन चांगले साक्षीदार लागत. चेटकाला साक्षीदार कुठून आणणार? म्हणून कबुली हवी, आणि कबुलीसाठी छळ. प्रश्न विचारणारे नगराचे मानकरी, उत्तरे लिहून घेणारा लेखनिक, दोर ओढणारा जल्लाद. बाई सोडून सगळे पुरुष.

न्योर्डलिंगेन गावात मारिया होल्ल नावाची खाणावळवाली होती. १५९३-९४ मध्ये तिचा ६२ वेळा छळ केला. तिने कबुली दिली नाही. माहेरच्या ऊल्म नगरातून रदबदली झाली आणि अखेर तिला सोडावे लागले. तिला वाचवायला खरा खुनी सापडावा लागला नाही. ती वाचली तिच्या नकारामुळे आणि पाठीशी माणसे उभी राहिली म्हणून.

आता जल्लादाबद्दल. न्यूर्नबर्गचा फ्रान्झ श्मिट याची रोजनिशी आजही उपलब्ध आहे. बालहत्येच्या आरोपातल्या बायकांना तिथे पाण्यात बुडवून मारीत. १५८० साली त्याने आग्रह धरून बुडवण्याऐवजी तलवारीची शिक्षा आणवली. दयाळू म्हणायचे तर म्हणा. मरण बदलले, कायदा बदलला नाही. त्या कलमात गुन्हेगार म्हणून फक्त बाई होती, बाळाचा बाप नव्हता. पुढे १६२४ मध्ये श्मिटने सम्राटाकडे अर्ज केला आणि घराण्याची गेलेली अब्रू परत मिळवली. शोंगाऊच्या ६३ जणींनी कुणाकडे अर्ज करायचा होता? जल्लाद आणि सुईण दोघेही व्यवस्थेचे बळी, असे म्हणणे सोपे आहे. पण दोराची दोन टोके सारखी नसतात.

आणि ती मुलगी, माग्दालेना? पुस्तकाला नाव तिचे, तेही बापाच्या धंद्यावरून. शोध मात्र बाप आणि तिचा प्रियकर लावतात.

मैत्रिणींनो, हे सगळे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीचे आणि परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. तरीही डाकीण ठरवलेल्या एका बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘मग ते पोर कशाने गेले?’ म्हणजे पोराच्या मरणाचे कारण तिने सांगायचे, तेव्हा तिची सुटका! तिला मारहाण कुणी केली, तिच्या शेतावर कुणाचा डोळा आहे, हे विचारायला आम्हाला दुपार घालवावी लागली.

म्हणून पुस्तक जरूर वाचा, गटात वाचा. पण शेवटच्या पानावर खुनी सापडला की सुटकेचा नि:श्वास टाकू नका. निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बाईवर टाकली, तिथेच अन्याय होऊन गेलेला असतो. ती कुणी टाकली, त्यांची नावे विचारा.