जेझुइटांचे बळ कशात?

शाळाप्रवेशाचा हंगाम आला की कोल्हापुरातील सुशिक्षित हिंदू कुटुंबांना कॉन्व्हेंटचा ध्यास लागतो. ज्या नगरीत राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून वसतिगृहांची मालिका उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरविला, तेथे हे घडावे, याचा खेद वाटतो. परंतु केवळ खेद करून काय साधणार? पाद्र्यांच्या शाळांचे बळ कशात आहे, हे एकदा डोळसपणे पाहिले पाहिजे.

या परंपरेतील अग्रणी म्हणजे जेझुइट संघ. १५४० साली त्याला पोपची मान्यता मिळाली. आठच वर्षांत सिसिलीतील मेसिना येथे त्याची शाळा निघाली. १५९९ साली अध्यापनाची सविस्तर संहिताच सिद्ध झाली. मुंबईचे १८६९ चे सेंट झेवियर्स महाविद्यालय याच परंपरेतले. याच संघाच्या फ्रान्सिस झेवियरने १५४६ साली पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले, हे हिंदू समाज विसरलेला नाही आणि विसरूही नये. पण याच संघाचा इंग्रज फादर स्टीफन्स मराठी शिकला आणि १६१६ साली त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. धर्मप्रसारासाठी का होईना, परक्याने मराठीची कास धरली; करवीरनिवासिनीच्या नगरीतील पालकाला मात्र तीच मराठी मुलाच्या वाटेतली धोंड वाटते!

जेझुइटांचे खरे बळ इंग्रजीत नाही, इमारतीत तर नाहीच. दीक्षेपूर्वी दोन वर्षांची उमेदवारी, मग तत्त्वज्ञान, मध्येच शाळेत प्रत्यक्ष अध्यापन, त्यानंतर ईश्वरशास्त्र, अशी दहा वर्षांहून अधिक काळ माणसाची घडण चालते. शाळा त्यानंतरची.

हे मर्म बापूजी साळुंखे यांनी आपल्या रीतीने ओळखले होते. १९५४ साली त्यांनी स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापिली आणि संस्थेसाठी आयुष्य वाहणाऱ्या शिक्षकाला 'गुरुदेव कार्यकर्ता' म्हटले. आज अनेक ठिकाणी शिक्षक नेमताना त्याच्या तयारीची चौकशी आधी होते की देणगीची, हे संस्थाचालकांनी स्वतःच सांगावे.

कोल्हापुरातील जुन्या संस्थांनी मिळून दरवर्षी दहा तरुण निवडावेत, दोन वर्षे त्यांच्या निवासाचा, अध्ययनाचा भार उचलावा आणि अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली त्यांना घडवावे. जागेची अडचण कोणी सांगू नये. शाहू महाराजांच्या काळातील वसतिगृहे या नगरीत अजून उभी आहेत.