कूलर लावला की लाईट जाते

नांदेड-लातूरकडे एप्रिल लागला की घरोघरी पत्र्याचे कूलर निघतात. यंदा आमच्याकडे कूलर लावला की मेनजवळची आरसीसीबी पडायची. शेजारी म्हणाले, "ती काढून डायरेक्ट जोडा हो!" आम्ही ऐकले नाही. एमसीबी वायरला जपते. 30 मिलिअँपिअर गळतीला पडणारी ही माणसाला जपते. प्लग काढून पंप सुटा केला. नुसता पंखा नीट चालला, म्हणजे दोष पंपाकडे. त्याची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती! गेल्या उन्हाळ्यात कूलरला हात लावताच मुंग्या यायच्या, त्या याच. प्लगची अर्थिंगची पिन तेव्हा आम्हीच तोडलेली. यंदा तीन पिनांचा नवा प्लग लावला, तेव्हा गळतीला वाट मिळाली आणि ती पकडली गेली. पंप बदलला. भगिनींनो, कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढत चला.